सारवणातली वाट

बाभुळगावच्या त्या घराला खोल्या दोनच होत्या. पुढं जया मोठमोठ्या घरांत राहिली, पण तेवढं ऐसपैस घर तिला पुन्हा लाभलं नाही. पुढं बैठक, मागं चूल, आणि मधे नुसती चौकट, दार नसलेली. उंबऱ्याच्या डाव्या हाताला पाण्याचा माठ, त्यावर पालथा गडवा. भिंतीला दोन खुंट्या, वरच्या खुंटीवर बाबांचा सदरा, खालच्या खुंटीवर टोपी. समोरच्या भिंतीत देवळी. छप्पन साली दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी देवळीतले देव बेंबळा नदीच्या पाण्यात सोडले होते. तेव्हापासून तिथं बुद्धाचं छोटं चित्र, एक मेणबत्ती आणि तिच्या उजव्या अंगाला काडीपेटी असे. सुपारीचा डबा, आडकित्ता, चटईची गुंडाळी, सगळ्याची जागा ठरलेली. शेजारच्या बायका हसून म्हणत, "इंदूबाईच्या घरातलं मीठबी परवानगी घेतल्याबिगर हलत नाई."

इंदूबाई, म्हणजे जयाची माय, त्यावर हसून न हसल्यासारखं करायची आणि लेकीला दटावायची, "जिथून उचललं तिथंच ठेवजो, पोरी. बोटभर इकडं नाई, बोटभर तिकडं नाई."

कारण जयाच्या बाबांना, उकंडाला, दिसत नव्हतं.

जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचं काम करता करता त्याची नजर कडांनी विझत आली. यवतमाळच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला आणि आता उपाय नाही असंही सांगितलं. डोळे मात्र दिसायला स्वच्छ होते. ना पडदा, ना फूल. समोरच्या माणसाचा आवाज येई तिकडं तो तोंड करी, आणि माणसाला वाटे, हा आपल्याकडंच पाहतोय. जयाला पहिलं स्थळ दारव्ह्याहून आलं तेव्हा त्यांनी सगळं खरं सांगितलं. चहा पिऊन पाहुणे गेले ते गेलेच. मधल्या माणसाकडून निरोप आला, बापाचे डोळे गेले, उद्या पोरीचे जातीन, मंग नातवायचे. त्या दिवसापासून गावाला सांगितलं गेलं की उकंडाची पाठ धरली आहे, म्हणून तो घरीच असतो. तो अंगणाच्या काटेरी कुपाबाहेर पडेनासा झाला. बाहेरची दगडधोंड्यांची वाट कुणाच्या हाती होती? घर मात्र इंदूबाईच्या हाती होतं.

तिनं एक युक्ती काढली होती. शेणानं सारवताना बोटांचे वळ उमटतात. ती साऱ्या घरात आडव्या हातानं सारवायची, पण उंबऱ्यापासून माठापर्यंत, माठापासून चटईपर्यंत आणि चटईपासून देवळीपर्यंत वीतभर रुंदीचा एक पट्टा उभ्या हातानं ओढायची. सारवण वाळलं की अनवाणी तळव्याला ते कळायचं. बाबा त्या वाटेनं असे चालत की परका माणूस त्यांना आंधळा म्हणणारच नाही. लहानपणापासून जयाला सारवणाचा वास आवडायचा. पण त्या दिवसांत तो वास आला की तिला वाटायचं, माय ओल्या हातानं बाबांसाठी काहीतरी लिहिते आहे.

एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात केळापूरचं स्थळ आलं. मुलगा मारोती, शाळेत मास्तर. जयानं त्याला यवतमाळला एका सभेत पाहिलं होतं. उन्हात उभ्या असलेल्या एका म्हातारीला त्यानं स्वतःच्या डोक्यावरची छत्री देऊन टाकली होती आणि स्वतः भिजल्यासारखा घामानं निथळत उभा होता. मायजवळ ती यातलं काही बोलली नाही. पण हे स्थळ मोडलं तर आपल्याला फार लागेल, हे तिला कळत होतं. आणि बाबांना चारचौघांत चाचपडताना पाहावं लागलं तर त्याहून जास्त लागेल, हेही.

पाहुण्यांसाठी गफ्फार सायकलवाल्यानं स्वतःच्या दुकानातली लाकडी खुर्ची आणून दिली. घरात आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची आली आणि सगळं गणित बिघडलं.

"कुठं ठेवता, इंदूभाभी?" गफ्फारनं विचारलं. घराबाहेरच्या माणसांपैकी फक्त त्याला खरं ठाऊक होतं.

"देवळीच्या वाटेत नको येऊ दे."

"मंग मी उकंडाच्या डोक्यावर ठेवतो."

"ठेव ना," उकंडा म्हणाला. "पाहुना वर बसला म्हंजे खाली पडाची भीती त्यालेच."

सकाळभर सराव चालला. उकंडा उंबऱ्यातून आत यायचा, गडवा भरायचा, वळून खुर्चीकडं करायचा, "घ्या, पानी घ्या." खुर्चीत बसलेला गफ्फार गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "पोरीले सैपाक येते काय?" मग दोघंही हसायचे आणि माय चुलीजवळून ओरडायची, "खेळ लावला काय बापा!"

पाहुणे दुपारी आले. मारोतीचे वडील वामनराव, आई कांताबाई आणि स्वतः मारोती. वामनरावांचं अंग भारदस्त, आवाज मोठा. कांताबाई बुटकी, अबोल. आत पाऊल टाकताच तिनं खाली जमिनीकडं पाहिलं आणि मग चटईच्या कडेला जाऊन बसली. जया चौकटीआडून पाहत होती. बाबांनी 'जय भीम' घातला, पाणी दिलं, सुपारी कातरली. एक थेंब सांडला नाही. वामनराव बोलत होते तिकडं त्यांचं तोंड होतं आणि बोलणं कापसाच्या भावावरून जिनिंगवर, जिनिंगवरून दीक्षेच्या दिवसांवर गेलं. माय चहाचं भांडं उतरवायला आत आली.

तेवढ्यात वामनरावांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली चौकट काढली. खास नागपूरहून आणलेली, काचेची, बुद्धाची तसबीर. "हे आमच्याकडून," म्हणत ते उठले आणि प्रेमानं, आपल्या हातानं, देवळीत ठेवू लागले. तसबीर मोठी होती. जागा करायला त्यांनी छोटं चित्र, मेणबत्ती आणि काडीपेटी उचलून बाजूच्या लोखंडी पेटीवर ठेवलं. पहिली सुपारी आणि पहिली ओळख झाल्यावर घरच्या कर्त्यानं मेणबत्ती लावायची, सगळ्यांनी त्रिशरण म्हणायचं, आणि मगच पुढचं बोलायचं, ही नवी रीत त्या दोन-तीन वर्षांत साऱ्या वस्त्यांमध्ये रुळली होती.

"पेटवा आता, उकंडाभाऊ," वामनराव खुर्चीत बसत म्हणाले. "मंग बोलू."

बाबा उठले. त्यांचे पाय सारवणातल्या वाटेनं बरोबर देवळीपाशी गेले. उजवा हात काडीपेटीच्या जागी गेला आणि गार काचेला लागला. बोटं थांबली. डावीकडं सरकली. पुन्हा काच. तसबीर जराशी हलली, तसा त्यांनी हात झटकन मागं घेतला.

"त्याह्यच्या पाठीत उसण भरली, वामनराव," माय आतून पुढं येत म्हणाली. "हात वर नाई होत."

जयाला पेटीवरची काडीपेटी दिसत होती. दोन पावलं टाकून ती गुपचूप बाबांच्या हातात देता आली असती. कुणाला काही कळलं नसतं. कदाचित लग्नही झालं असतं. आणि मग बाबा लेकीच्या सासरी कधी आले तर? तिथं कोण सारवेल? जन्मभर पाठ धरल्याचं सोंग किती घरांत करणार? तिच्या तोंडून रोजच्यासारखंच, मोठ्यानं निघालं, "बाबा, काडीपेटी पेटीवर आहे. पाहुण्याईनं हलवली. डाव्या हाताले, गुडघ्याएवढी खाली. मेनबत्तीबी तिथंच."

बाबा वळले नाहीत. त्यांनी डावा हात खाली नेला, मेणबत्ती उचलली, काडी ओढली, वात बोटानं चाचपून पेटवली, आणि म्हणाले, "वामनराव, मले दिसत नाई."

त्रिशरण झालं. सगळ्यांनी म्हटलं, वामनरावांनीही म्हटलं, कारण मेणबत्ती पेटली होती. पण शेवटचा शब्द संपताच ते उठले.

"हे आधी सांगाचं होतं ना."

"आधी सांगतलं असतं तर आले असते तुम्ही?"

वामनराव म्हणाले, "घरान्यात आहे काय हे?"

"माह्या बापाले मरेपर्यंत सुई ओवता ये. मायले चांदन्या मोजता येत. एकट्या माह्याच नशिबी आलं. तरीबी उद्याचं मी कायले सांगू? तुम्हाले भेव वाटत असन तर वाटनं बरोबर आहे."

"चाल वं," वामनराव बायकोला म्हणाले.

कांताबाई बसलीच होती. "तुम्ही बसा बरं घडीभर," ती म्हणाली. "मले आल्याबरोबर समजलं होतं."

"काय समजलं?"

"सारं घर आडवं सारवलं अन् उंबऱ्यापासून उभी वाट. असं दुहेरी सारवन मी आजवर कुठं पाह्यलं नाई. म्हनलं, या घरात कोनीतरी पायानं पाहते. सांगाचं तवा सांगतीन, आपून कायले पुसाचं." मग ती इंदूबाईकडं वळली. "किती वर्सं झाले, ईनबाई?"

"दोन."

"अन् पोरगी?"

"वस्तू ठेवाचं सारं तिच्याकडंच आहे. सारवाचं माह्याकडं."

कांताबाई नवऱ्याला म्हणाली, "आपल्या घरी सहा डोये धडाचे आहेत अन् रोज सकाळी एक चप्पल सापडत नाई. तुम्ही कोटाच्या खिशात चष्मा ठेवून सारं घर डोक्यावर घेता. मले ही पोरगी पाहिजे."

"ते डोळ्याचं..." वामनराव अर्धवट बोलले.

"पोरीचे डोये आपल्याकडच्या डॉक्टरले दाखवू वर्साकाठी. आपल्याच पोराचे गेले तर ही सारवून देईन. हिचे गेले तर तो शिकीन. शिकशीन काय रे?"

मारोती पहिल्यांदा बोलला. त्याचे कान लाल झाले होते. "मले आडवंबी सारवता येत नाई," तो म्हणाला. आणि चौकटीआड जयाला हसू आवरेना. बैठकीत हसू फुटलं ते वामनरावांच्या मोठ्या आवाजाचंच होतं. त्यांनी नकळत खुर्ची मागं सरकवली, ती थेट सारवणातल्या वाटेवर, आणि कुणी काही बोलायच्या आत चटईकडं परतणाऱ्या बाबांनी आवाजावरून ओळखून तिला वळसा घातला.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, फाल्गुनात करायचं ठरलं. ऊन कललं तसे पाहुणे मोटार धरायला निघाले.

"मी येतो पोचवाले," बाबा म्हणाले.

माय म्हणाली, "कुठं?"

"मोटार थांबते तिथवर. इवायाचा हात धरून जाईन. आता काय लपवाचं राह्यलं?"

वामनराव क्षणभर अवघडले. मग त्यांनी हात पुढं केला, आणि समोरच्याला तो दिसत नाही हे लक्षात येऊन, बाबांचा हातच घट्ट धरला.

जया आणि माय दारात उभ्या राहिल्या. दोन वर्षांनी बाबा कुपाबाहेर पडले होते. पहिल्याच वळणावर त्यांना ठेच लागली, आणि त्यांनी त्या दगडाला मोठ्यानं शिवी दिली. दगडाचा मालक अंगणातून ओरडला, "अरे उकंडा, पाठ बरी झाली काय गा?"

"पाठ कधीच बरी होती," बाबांचा आवाज आला. "डोये गेले."

एकाएकी दोन-तीन घरांतून माणसं बाहेर आली. "इथं बाभूळ होती ना?" बाबा विचारत होते. "तोडली? कवा? मले काहून नाई सांगतलं कोनी?" आणि जो तो त्यांना सांगू लागला, काय तोडलं, कुठं नवी विहीर खणली, कुणाच्या भिंतीला रंग दिला. आवाज लांब लांब जात राहिले.

बैठकीत कपबशा तशाच पसरल्या होत्या, चटई तिरपी झाली होती. माय दारातच उभी होती, पदर तोंडाशी धरून, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मागं वळून तो पसारा पाहिलासुद्धा नाही.