पाऊल घरात पडलं की वेळ

विमानतळाचा साहेब नोटीस घेऊन गच्चीवर आला, तेव्हा मावशी कबुतरांना दाणे टाकत होती. साहेब म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. याच गच्चीवर रांगलेला. आता टाय लावून उभा होता.

"मावशी, खुराडं काढावं लागेल. तुझी कबुतरं विमानांच्या वाटेत येतात."

"चाळीस वर्षं ती याच वाटेने येतायत. विमानं परवा आली. मग वाटेत कोण आलं रे?"

"अगं, पलीकडचं बंदर चारशे दहा किलोमीटर. आम्ही एक तास पाच मिनिटांत आणतो. जग कुठे गेलं बघ!"

"जग जाऊ दे. माणूस घरी कधी पोचतो ते बोल." मावशीने सूप आपटलं. "लाव पैज. उद्या तिकडे कामाला जातोयस ना? माझ्या नकटी कबुतरीला पिंजऱ्यात घालून ने. परवा सकाळी सातला हॉटेलातून निघताना सोड तिला. आधी घरी येईल त्याचं खरं. मी हरले तर माझ्या हाताने खुराडं मोडीन. तू हरलास तर ती नोटीस मला दे. पण नियम आमचा. हवेतली वेळ धरायची नाही, पाऊल स्वतःच्या घरात पडलं की वेळ!"

साहेब हसत हो म्हणाला.

ही नकटी एकदा वादळात सापडली, तर वादळालाच वाट दाखवत घरी घेऊन आली होती. खोटं वाटलं तर मावशी पुरावा म्हणून उडालेला पत्रा दाखवायची.

ठरल्या दिवशी सातच्या ठोक्याला साहेबाचा फोन आला, "सोडली गं." तिरसट असला तरी भाचा खोटा नव्हता. मग तो विमानतळावर दोन तास रांगांत उभा राहिला, अर्धा तास बंद विमानात बसला, उडाला, उतरला आणि बॅगेची वाट बघत राहिला.

बारा वाजता सगळी गल्ली मावशीच्या गच्चीवर जमली. साहेबाची बायको सगळ्यांच्या पुढे. बारा वाजून पाच मिनिटांनी नकटी आली, पाण्याच्या टाकीवर बसली आणि पंख साफ करू लागली. गर्दी बघून आत जाईना.

"ये गं भवाने, चार हात राहिलेत!" मावशीने दाण्यांचा डबा खुळखुळवून हात दुखवून घेतला. नकटीने मान फिरवली.

तेवढ्यात खाली टॅक्सी थांबली. साहेब समोरच्या आपल्या घराकडे धावला. दाराला कुलूप! मावशीचा जीव भांड्यात पडला.

"किल्ली!" तो रस्त्यातून ओरडला.

"माझ्याकडे आहे," बायको वरून म्हणाली. "फेकली तर गटारात जाईल. वर या!"

तीन मजले तो धावत चढला. चाकांची बॅग पायरीपायरीवर ठणाणत होती. गच्चीचं दार धाडकन उघडलं, नकटी दचकली आणि सरळ खुराड्यात शिरली.

"बारा अकरा!" मावशी गरजली.

"मला घाबरून गेली ती! हे धरायचं नाही!"

"घाबरते कसली? घरचं माणूस आलं, मग गेली आत. तुझं पाऊल कुठाय? माझ्याच गच्चीवर ना?"

साहेबाने बायकोकडे बघितलं. ती किल्ली बोटावर फिरवत होती. त्याने बॅगेतून नोटीस काढून दिली.

मावशीने ती नकटीच्या घरट्यात अंथरली. आठवड्याभरात तिच्यावर दोन अंडी आली, एक बरोबर साहेबाच्या सहीवर. तेव्हापासून मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते, "उठवा म्हणावं आता नकटीला, हिंमत असेल तर!"