विमानाच्या नाकाशेजारची पाती

मित्रांनो, मी एक जुनी पाती आहे. धातूची, जेमतेम तळहाताएवढी. माझी उमेदीची वर्षं विमानाच्या नाकाशेजारी, डाव्या अंगाला गेली. वारा जसा येईल तशी मी वळायचे. विमानाने नाक वर केलं की वारा खालून लागतो. मग मीही कलायचे आणि ते आत वैमानिकाला काट्यावर दिसायचं. नाक फारच वर गेलं तर पंखांना विमान पेलवत नाही, म्हणून माझ्यावर भिस्त. मूर्ती लहान, पण काम मोठं! उजव्या अंगाला माझी जुळी बहीण होती. आमची कधी गाठ पडली नाही, पण मत नेहमी एकच असायचं.

आमची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकबाईंना सगळे मावशी म्हणत. उड्डाणाआधी माझी लाल टोपी काढून त्या मला एका बोटाने हळूच वर-खाली फिरवत. त्या बोटाची मी वाट बघायचे.

एकदा मावशी रजेवर होत्या. विमान धुणाऱ्यांनी घाईत टोपी न घालताच पाण्याचा फवारा मारला आणि माझ्या सांध्यात पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी उंचावरच्या थंडीत त्याचा बर्फ झाला. माझी मान आखडली. उतरताना वेग कमी झाला, नाक वर आलं, बहीण वळली. मी आपली ढिम्म. आत दीडशे माणसं, आणि मी धडधडीत खोटं सांगत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वैमानिकाने पाहिलं, की आम्हा बहिणींचं जमत नाहीये. त्याने दोघींचंही सांगणं बाजूला ठेवलं, वेग आणि इंजिनाचा जोर सांभाळला आणि विमान सुखरूप उतरवलं.

खाली ऊब मिळताच बर्फ वितळला आणि मी शहाण्यासारखी फिरू लागले. देखभाल विभागाच्या साहेबांना दोष सापडेना. प्रवासी खोळंबले होते. रजेवरून नुकत्याच परतलेल्या मावशींना त्यांनी विमान उडायला ठीक असल्याची सही करायला सांगितलं.

"फिरतेय की व्यवस्थित," साहेब म्हणाले.

मावशींनी मला बोटाने फिरवलं. "इथे फिरतेय. वर काय झालं ते तिला सांगता येत नाही, साहेब. मी सही करणार नाही."

त्यांनी मला उतरवलं, तेव्हा सांध्यातून त्यांच्या तळहातावर पाणी ओघळलं. साहेबांनी ते पाहिलं आणि नवी पाती मागवली.

आता मी शिकाऊ मेकॅनिकांच्या वर्गात टेबलावर असते. मित्रांनो, मुक्या वस्तूंची टोपी विसरू नका. आणि कुणी आत्ता ठीक दिसतं म्हणून मघाचं त्याचं दुखणं खोटं मानू नका.

मी आता कुठेच उडत नाही. तरी घरी निघताना मावशी वर्गात डोकावतात आणि मला एका बोटाने फिरवून जातात.