पळसाला पळसाचा रंग

आदिलाबादेत शामरावांना सगळे 'फुलंवाले' म्हणत. ते हार-गजरे विकत होते असं नाही. गृहस्थ सकाळी छत्री, तीन पायांचं स्टूल आणि पाण्याचा तांब्या घेऊन गावाबाहेर जायचे आणि एखाद्या झाडासमोर तासन् तास बसून राहायचे. नवख्या माणसाला वाटायचं, ह्याला झाडानं धरलंय. निजामाच्या जंगल खात्यासाठी त्यांनी वीस वर्षं जिल्ह्यातल्या फुलांची चित्रं काढली होती. साहेब बदलत गेले, चित्रं हैदराबादेला जात राहिली आणि शामराव इथेच राहिले. त्यांचा एक नियम होता. फूल तोडून घरी आणायचं नाही, ते जिथं असेल तिथं आपण जायचं.

मोह झाला, काटेसावर झाली, कळलावी झाली, तळ्यातली कमळं तर चार वेळा झाली. पळस तेवढा त्यांनी काढला नाही. खात्याच्या यादीत होता, तेव्हा त्यांनी 'फुलोरा हाती लागला नाही' असं लिहून दिलं. ज्या जिल्ह्यात फाल्गुनात पळसावाचून दुसरं काही डोळ्यांत भरत नाही, तिथला हा शेरा! साहेब पोट धरून हसला असेल. पण चित्र काही गेलं नाही.

फसली तेराशे पन्नासच्या, म्हणजे इसवी एकोणीसशे एकेचाळीसच्या, माघात एका दुपारी एक नवी नवरी दारात येऊन उभी राहिली. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं.

"फुलंवाले शामकाका तुमीच काय? मी वनमाला. इथल्या शाळेतल्या मास्तरांची बायको. माहेर पैनगंगेपल्याड, पांढरकवड्याकडं." मग ती म्हणाली, "रुख्मिणीची लेक."

शामरावांच्या हातातला कुंचला रंगाच्या वाटीत तसाच राहिला. त्यांनी "बस बाई" म्हटलं, पण ते कुणाला म्हटलं हे त्यांनाच कळलं नाही.

ह्या रुख्मिणीचं बापाचं घर शामरावांच्या घराला लागून होतं, दोहोंमध्ये एक तुराट्यांचं कुंपण. घरात लागोपाठ दोन मृत्यू झाले आणि तिचं लग्न लांबलं. शामराव तेव्हा बावीस वर्षांचे, निर्मलला एका म्हाताऱ्या नकाशाकडे, म्हणजे लाकडावर चित्रं काढणाऱ्याकडे, रंगकाम शिकून आलेले आणि बिनकामाचे. त्या फाल्गुनात ते ओढ्याकाठच्या पळसाचं चित्र करायला बसले आणि घोडं अडलं लाल रंगाशी. काजळ होतं, नीळ होती, लाल मात्र चिमूटभरही नव्हता. रुख्मिणी कुंपणापलीकडे होळीच्या रंगासाठी पळसाची फुलं उकळत होती. तिनं वाटीभर रंग कुंपणावरून पुढे केला.

"पळसाला पळसाचाच लावा की," ती म्हणाली.

नकाशानं बजावून ठेवलं होतं की फुलाचा रंग फुलाइतकाच टिकतो, रंग घ्यायचा तो दगडाचा. शामरावांना ते पाठ होतं. पण ती वाटी हातात आल्यावर दगड कुणाला आठवणार? त्यांनी डिंक घातला, चुन्याची चिमूट टाकून रंग चढवला आणि झाड पेटवून दिलं. निर्मलच्या सुतारानं चौकट केली, काच बसवली. चित्र त्यांनी तिला दिलं. तोंडानं काहीच बोलले नाहीत. चित्रात सगळं सांगून झालं, असं फक्त चित्रकारालाच वाटतं. तिच्या बापाला विचारायचा धीर त्यांना झाला नाही आणि वैशाखात ती पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. मागोमाग बापानंही बिऱ्हाड तिकडेच हलवलं.

पुढे शामरावांचंही लग्न झालं. दमयंतीबाई सात वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्याशी ते चांगलेच वागले, त्यात खोट नाही. पण दर फाल्गुनात ओढ्याकडची वाट टाळून लांबच्या रस्त्यानं जाणारा माणूस आपल्या बायकोला कळत नाही, असं कोण म्हणेल?

वनमालानं लुगड्याची गाठ सोडली. चौकट तीच होती. आत निळसर डोंगर, त्यापुढे काजळाचं काळं खोड आणि उघड्या वाकड्या फांद्या. फूल एकही नव्हतं.

"नाक्यावर जकातीसाठी करोडगिरीवाल्यानं उघडायला लावलं," ती सांगू लागली. "म्हणे, तस्वीर कहाँ है इसमें? मला बी लहानपणापासून ते वठलेलं झाडच वाटे. आई म्हणे, फुलं हायेत त्याला, तुला दिसून नाही राह्यली."

शामरावांचा चेहरा पडला. ट्रंकेत तळाशी टाकलं असेल, दमट हवेत पडून राहिलं असेल, हेच त्यांच्या मनात आलं. तीस वर्षं आपण ज्या वाटेला गेलो नाही, ती वाट तिकडे कुणाच्या ध्यानातही नव्हती. त्यांना स्वतःचा राग आला आणि तिचाही आला.

"मग आत्ताच काऊन पाठवलं?" त्यांनी जरा तोडूनच विचारलं.

"दोन साल झाले, बाबा गेले," वनमाला हळूच म्हणाली. "मी सासरी निघाली तवा आईनं हे हाती दिलं. म्हणे, तिथं शामराव हायेत का पाह्य. असतील तर म्हणा, रंग भरून द्या. आता उडू नये असा द्या, काका. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरून राह्यला. भडक तेवढं दिसते तिले."

"आई येते का कधी इकडं?"

"लेकीच्या घरी कशी येईल? नातवंड होईस्तोवर माझ्या घरचं पाणी बी घेणार नाही ती."

ती गेल्यावर शामरावांनी चौकट पालथी घातली आणि खिळे उपसले. विलायती नळीतला लाल समोर काढून ठेवला होता. हैदराबादेहून आणलेला, शंभर वर्षं हलणार नाही असा. तासाभराचं काम, उद्या देऊन मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी काच बाजूला केली, कागद उचलला आणि ते तिथेच खाली बसले.

त्या काळी कागद मिळायचा नाही म्हणून ते अगदी कडेपर्यंत चित्र काढत. उजवीकडची एक फांदी कडेला भिडली होती. बोटभर पट्टी चौकटीच्या लाकडाखाली झाकली गेली होती आणि त्या पट्टीत पळसाची तीन फुलं होती. कालच लावल्यासारखी. तोच केशरी लाल, तोच चुन्याचा चढ.

रंग दमटपणानं गेला नव्हता. रंग उजेडानं खाल्ला होता. ट्रंकेत पडलं असतं तर सगळं झाड ह्या तीन फुलांसारखं राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते मास्तरांच्या घरी गेले. ओसरीवर उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "हे चित्र कुठं लावलेलं होतं?"

"सैंपाकघरात, चुलीच्या समोर. खिडकीच्या उजेडात." वनमालाला प्रश्नाचं नवल वाटलं. "बाबा म्हणत, धुरात काऊन ठेवतं, माजघरात लाव. पण आई नाही ऐकली. म्हणे, भाकरी करताना मले समोर पाह्यजे."

शामराव घरी आले आणि चित्र मांडीवर घेऊन बसले. किती भाकरी झाल्या असतील तीस वर्षांत! रंग पाच-सहा वर्षांतच उडाला असणार, आणि त्यानंतरही ती उघड्या फांद्यांकडे बघत राहिली. ते रडले. बावन्न वर्षांचा माणूस भरदुपारी रडतो ते चांगलं दिसत नाही, पण बघायला घरात होतं कोण?

लाल नळी त्यांनी डब्यात परत टाकली. वनमालाला निरोप धाडला, पंधरा दिवस लागतील. फाल्गुन लागला तशी त्यांनी छत्री, स्टूल आणि तांब्या घेतला आणि तीस वर्षांनी ओढ्याची वाट धरली. पळस होता तिथेच होता, बुंध्यानं जाड झालेला, वरून तसाच पेटलेला. फूल तोडायचं नाही हा नियम होता, म्हणून खाली पडलेली वेचली. घरी उकळली, डिंक घातला, चुन्याची चिमूट टाकली. मग कागद घेऊन झाडासमोर बसले आणि फांदी न् फांदी भरली. कडेच्या तीन फुलांना हात लावला नाही. त्यांच्याशी ताडून बाकीचा रंग लावला.

पाडव्याला वनमाला माहेरी निघाली, तेव्हा चित्र न्यायला आली. बघताच तिनं तोंडावर हात ठेवला. मग मास्तरांच्या बायकोला शोभेलशी शंका काढली. "काका, हा रंग नाही ना उडणार?"

"उडंल," शामराव म्हणाले. "पळसाचाच हाय. पाच-सहा सालांत उडंल."

"मी तर म्हटलं होतं, टिकंल असा..."

"टिकणारा हाय माझ्याजवळ. लावला असता तर चित्र मरेस्तोवर तिथंच राह्यलं असतं." त्यांनी गाठ आवळून दिली. "आईला सांग, उडाला की पाठव."

वनमालानं चित्र काखेत घेतलं. पोरगी खुळी नव्हती. "सांगते," एवढंच म्हणाली आणि वाकून नमस्कार करून गेली.

मग शामरावांना पश्चात्तापानं घेरलं. डोळे चाललेल्या बाईला भडक, टिकाऊ रंग द्यायचा सोडून आपण आपलाच हट्ट पुरवला. आणि काय तो निरोप! लेकीच्या तोंडून असलं काही ऐकून तिला काय वाटलं असेल? सगळा चैत्र त्यांनी असा काढला. ओढ्याकाठचा पळस पानांनी भरला. उरलेली फुलं सुपात वाळली होती, ती त्यांनी फेकायला घेतली आणि पुन्हा ठेवून दिली.

वैशाखात वनमालाचं पत्र आलं. आई खुशाल आहे, डावा डोळा गेला, उजव्यानं दिसतं, मी ज्येष्ठात परत येईन, असा सगळा मजकूर होता. शेवटी लिहिलं होतं:

'आईनं चित्र चुलीसमोरून काढलं आणि अंगणाकडच्या भिंतीवर लावलं. तिथं दिवसभर ऊन असतं. मी म्हटलं, आई, इथं तर रंग दोन सालांत उडंल. ती म्हणाली, म्हणूनच.'