मासे मी धरले, नाव भिरभिऱ्याचं

मी देवदाराच्या लाकडाचा मासा, म्हणजे खरे मासे धरायचं आमिष बोलतोय, आणि तक्रार करायलाच बोलतोय. अंगठ्यापेक्षा जरा लांब, पोटाखाली गळ, हनुवटीला पारदर्शक पट्टी. ती पट्टी पाणी कापते, म्हणून मी बुडी मारतो नि डुलतो.

अमेरिकेत, मिनेसोटाच्या उत्तर भागात, तळ्याकाठच्या एका शेडमध्ये सोल्व्हेग नावाच्या विधवेनं मला तासलं. अंगावर पिवळा रंग आणि काळपट पट्टे दिले. तळ्यातले लहान पर्च मासे तसेच दिसतात आणि मोठे वॉलआय त्यांच्यावरच जगतात. मग तिनं मला आंघोळीच्या टबात ओढून पाहिलं. जो डुलत नाही तो चुलीत, असा तिचा कायदा. मी डुललो.

पुढे वेंडेलच्या दुकानात खिळ्याला टांगला गेलो, शेजारी भिरभिरी, म्हणजे पाण्यात गरगरणारी पत्र्याची आमिषं. गिऱ्हाईक म्हणजे काय चीज असते ते तिथे कळलं. एका गृहस्थानं आपल्या बोटीला शोभेल अशा रंगाचं आमिष नेलं. अहो, मासा बोट गिळणार आहे का? तळ्याचं पाणी चहासारखं तांबूस, त्यात काय दिसेल, इथला मासा काय खातो, हे विचारणारा विरळाच.

मला मर्लनं नेलं. आधी त्यानं माझ्या नाकात पोलादी तार अडकवली. दोरी तोडणाऱ्या दातेरी पाईक माशासाठी ती ठीक, पण माझं डुलणंच बंद झालं. त्यात मला मागे ओढत बोट सुसाट.

त्याची बायको बर्निस ओरडली, "अरे मर्ल, मासा ओढतोयस की नांगर? तार काढ ती. नि हळू!"

"मग तूच धर सुकाणू!"

"धरते. सरक तिकडे."

तार निघाली. सांज होत होती, वाऱ्यानं पाणी चुरगळलं होतं. पाणगवताच्या कडेनं बोट रमतगमत निघाली आणि धाडकन वॉलआय गळाला लागला! काचेसारखे चमकते डोळे. मग दुसरा, तिसरा. माझ्या पाठीवर दातच दात उमटले.

धक्क्यावर लोक जमले. "कुठल्या आमिषाला लागले रे, मर्ल?"

मर्लनं मला हळूच शर्टाच्या खिशात सारलं. म्हणाला, "गुलाबी भिरभिऱ्याला."

बर्निसला खोकला आला.

दुसऱ्या दिवशी वेंडेलकडची गुलाबी पत्र्याची भिरभिरी संपली. माझी भावंडं खिळ्यावर तशीच. सोल्व्हेग आली तेव्हा वेंडेल म्हणाला, "तुझे मासे परत ने गं बाई. सगळं तळं गुलाबी मागतंय."

"मग शेडला कुलूपच लावते," ती म्हणाली. "आणखी एक मोसम नाही निघायचा."

आणि मर्ल? तिथेच कॉफी पीत उभा! मी त्याच्या खिशात! संतापून मी गळ रुतवला. तो "आई गं" म्हणाला आणि त्यानं पुढचा घोट घेतला.

आठवड्याभरात मी खडकावर आपटलो, पट्टी मोडली. मर्ल मला घेऊन शेडवर गेला. सोल्व्हेग उरलेल्या देवदाराची पाखरांसाठी घरटी ठोकत होती. माझ्या पाठीवरून तिनं बोट फिरवलं.

"याला तर भरपूर मासे लागलेत की रे!"

"हळू बोल ना! कुणी ऐकलं तर उद्या सगळ्या बोटी माझ्या मागे."

"पट्टी बसवते. आधी वेंडेलकडे जाऊन खरं सांग."

मर्लनं टोपी काढली, फिरवली, पुन्हा घातली. "दुसरं काहीही माग, सोल्व्हेग."

"दुसरं काही नकोच होतं मला." तिनं मला त्याच्या तळहातावर ठेवलं आणि हातोडी उचलली.

आता मी आमिषांच्या डब्यात पडून आहे. पट्टीवाचून पाण्यात नुसता आडवा होईन. बाबांनो, तुमची जागा लपवा, वेळ लपवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या हातांनी तुमच्या तव्यावर मासा आणला, त्या हातांचं नाव गिळू नका.

काल मर्ल रिकाम्या हातानं परतला. धक्क्यावर कुणीतरी विचारलं, "आज कुठलं आमिष लावलं होतंस?"

यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "गुलाबी."