एक समुद्र कमी

भूगर्भ कार्यालयाच्या नकाशाघरात ती शिरली तेव्हा तिच्या पाठीवर अकरा दगडांचं पोतं होतं आणि हसू तोंडात मावत नव्हतं. कार्यालयात तिला सगळे चिमणी म्हणत. आज ही चिमणी अर्ध्या माणसाचं ओझं घेऊन दोन जिने चढून आली होती.

मोठ्या टेबलावर डोंगराचा नकाशा पसरला होता. त्यावर फक्त टेबलाशी उभ्या असलेल्या मोठ्या साहेबांची सही व्हायची होती. बारा वाजता छापखान्याचा माणूस येणार आणि पुढच्या आठवड्यात साहेब निवृत्त होणार. चाळीस वर्षं त्यांनी या एका डोंगरापायी बूट झिजवले होते. त्यांची जन्माची कमाई म्हणजे हा नकाशा.

"सर, सही करू नका," चिमणी म्हणाली आणि खुदकन हसली.

रंग भरणारे नकाशेकाका कुंचला धुता धुता थांबले. "अगं बये, दात काय काढतेस? सात वेळा रंगवलाय मी हा. डोळ्यांच्या खाचा झाल्या."

त्या डोंगराच्या कड्यात पाच थर एकावर एक दिसत. खालून वर मोजले तर पांढरा, तांबडा, काळा, मग पुन्हा तांबडा आणि पुन्हा पांढरा. पांढरा चुनखडक समुद्राच्या तळाशी साचलेला, तांबडा किनाऱ्याच्या वाळूचा, काळा दलदलीच्या चिखलाचा. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा साधा हिशेब. तेव्हा साहेबांनी इतिहास मांडला होता की इथे एकदा समुद्र आला, हटला आणि लाखो वर्षांनी दुसरा आला.

चिमणीने पोत्यातला एक दगड टेबलावर ठेवला. "खालच्या तांबड्या थरातला."

दगडावर खडूने बाण काढलेला होता. ही रीत साहेबांनीच घालून दिलेली. कड्यातून दगड फोडण्याआधी त्याच्यावर आकाशाकडे तोंड केलेला बाण काढायचा, मगच हातोडा उचलायचा. एकदा पोत्यात पडला की आपलं डोकं कुठलं आणि पाय कुठले, हे दगड थोडाच सांगणार?

साहेबांनी दगडावरून अंगठा फिरवला. पाण्याच्या लाटा वाळूवर ओळी उमटवतात ना, तशा ओळी त्यात दगड होऊन राहिल्या होत्या. अशा ओळींचे खळगे गोल असतात आणि कडा टोकदार. त्या कडा वाळू साचताना आकाशाकडेच बघतात. इथे बाण वर होता आणि कडा खाली.

"बाण उलटा काढलास," साहेब म्हणाले.

"अकराच्या अकरा, सर?"

साहेबांनी एकेक दगड हातात घेतला. चौथ्याला चष्मा पुसला. आठव्याला घाम पुसला. अकरावा खाली ठेवून ते मटकन खुर्चीत बसले. आता मात्र चिमणीचं हसू पळालं. माणसाची चाळीस वर्षं आपण पोत्यात घालून आणली की काय, असं तिला वाटलं.

"काका," साहेब हळूच म्हणाले, "तीन कागद द्या. काळा, तांबडा, पांढरा."

त्यांनी तळाला काळा, त्यावर तांबडा आणि वर पांढरा ठेवला. दोन्ही कडांवर तळहात टेकून कागद आत रेटले. मधे कुबड उठलं.

"हे माझे हात म्हणजे दोन भूपट्ट, जमिनीचे अजस्र तुकडे. रेटतायत एकमेकांना. डोंगर उभा राहिला. थांबले का? नाही थांबले!" त्यांनी आणखी रेटलं. कुबड कलंडलं आणि आडवं झोपलं. त्यांनी खालून वर बोट नेलं. "पांढरा, तांबडा, काळा, तांबडा, पांढरा! घडीची खालची बाजू अख्खी पालथी! अहो काका, समुद्र दोन नव्हतेच. एकाच समुद्राची घडी घातलीय!"

ते ताडकन उठले. "गेला! माझा एक समुद्र गेला!" लॉटरी लागावी तसे ते ओरडले आणि चिमणीचे दोन्ही हात धरून टेबलाभोवती गरगर फिरू लागले.

"आणि आठव्यांदा कोण रंगवणार? माझे सासरे?" काका करवादले, पण तेही पोट धरून हसत होते.

साहेबांनी घरी फोन लावला. "अगं ऐक! मी चाळीस वर्षं डोंगर उलटा वाचत होतो!"

"आत्ता कळलं?" पलीकडून बायकोचा आवाज आला. "मग निवृत्तीचं काय?"

"मुदत मागतो! सालभर तरी पाहिजे. अगं, नवाकोरा डोंगर मिळालाय!"

बारा वाजता छापखान्याचा माणूस दारात आला. बघतो तर साहेब टेबलावर उताणे, मान टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतेय, आणि चिमणीने नकाशा त्यांच्यासमोर उभा धरलाय.

"नकाशा तयार आहे ना?" त्याने दबकत विचारलं.

"पुढच्या वर्षी या," उलटे साहेब म्हणाले. "चिमणे, जरा डावीकडे धर. वा! काय देखणा दिसतोय गं!"