साध्या पाण्याचा फ्लास्क

साध्या पाण्याचा फ्लास्क पिवळा पडू लागला तशी सुचिता टेबलावर वाकली. पिवळा पडायचा होता तो शेजारचा, लोणारच्या पाण्याचा. हा मेला मध्येच कुठे तडमडला?

तिचं सगळं संशोधन या दोन फ्लास्कांवर उभं होतं. दोन्हींत फॉर्मॅलिन आणि चुना तोच, पाणी तेवढं वेगळं. फॉर्मॅलिनमध्ये चुना घालून तापवलं की त्याची साखर होते, पण त्यासाठी आधी कणभर साखर लागते. मग ती साखरच आणखी साखर घडवत सुटते आणि बघता बघता सगळं पिवळं होतं. पृथ्वीवर जीव असाच सुरू झाला असावा, असं काही शास्त्रज्ञ मानतात. फक्त तो पहिला कण आला कुठून, इथे घोडं अडतं. सुचिताचं म्हणणं, लोणारच्या खाऱ्या पाण्यात तो आपोआप होतो. आजवर दर वेळी सरोवराचं पाणी पिवळं पडलं, साधं तसंच राहिलं. आज पुण्याच्या परीक्षक बाई खामगावच्या कॉलेजात ते बघायला आल्या होत्या. जमलं तर पीएच.डी., नाहीतर सगळं पाण्यात.

दुसराही पिवळा झाला. बाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मार्गदर्शक राजकुमार सरांनी तिला खिडकीपाशी नेलं. "कारभारी आज सुट्टीवर हाय. त्यानं भांडं नीट धुतलं नव्हतं म्हणून सांग, अन् दुसरं लाव."

कारभारी प्रयोगशाळेतला मदतनीस. साधं पाणी नेहमी तोच भरायचा. आज तिने भरलं होतं, आणि सवयीने फ्लास्कच्या तोंडाला अंगठा लावून खळखळ विसळलं होतं. सरोवरावरच्या बाटल्याही ती अशीच विसळायची. तिने अंगठ्याकडे पाहिलं, तो अजून चिकट होता. मोठ्या कामाआधी खायला आई गुळाची पुडी बांधून द्यायची. गूळ चाटून खायचा, हात मात्र धुवायचा नाही, काम वाहून जातं, असा आईचा दंडक. लोणारच्या काठावर आणि आज या दारात, रसायनशास्त्र शिकलेल्या या शहाणीने तो इमानेइतबारे पाळला होता!

"कारभारीचं नाव काऊन घ्या सर? हात माहा होता," ती म्हणाली. मग गुळाचं, विसळण्याचं, बाईंना तिने सगळं सांगून टाकलं.

वनखात्याच्या गोविंदाने सरोवरावरून भरून पाठवलेली एक बाटली तिने अजून उघडली नव्हती, त्या पाण्याला तिचा अंगठा लागला नव्हता. साबणाने हात धुऊन, हातमोजे चढवून तिने नवे दोन फ्लास्क लावले. सर पाठ फिरवून बसले. सरोवराच्या पाण्यावरून तिची नजर हटेना. एकदा पिवळं हो, एवढंच ती मनात घोकत होती. नेहमीची वेळ टळून गेली. दोन्ही फ्लास्क जसेच्या तसे.

"अजून थांबायचं का?" बाईंनी हळू विचारलं.

"व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं," सुचिता म्हणाली आणि हीटर तिनेच बंद केला.