बाबांना गेस्ट करताना

साडेदहा वाजून गेले तरी नकाशांचं फोल्डर काही उघडेना. नेटवर्कवालीनं गेस्टला, म्हणजे कुणाही पाहुण्याला, परवानगी देऊन पाहिली, सर्व्हर बंद करून चालू केला. स्क्रीनचं आपलं एकच पालुपद, प्रवेश नाही. मागे तिचे बाबा येरझाऱ्या घालत होते. दोन महिन्यांपूर्वी ते याच नकाशांच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते, आणि आज अकराला साइटवर गॅलरीचं काँक्रीट पडणार होतं.

"आठ सळ्यांच्या बारा केल्या होत्या मी," ते चौथ्यांदा म्हणाले. "साइटवर जुना कागद गेला असेल तर गॅलरी खाली येईल गं, माणसांसकट!"

"मग फोन करून थांबवा ना!"

"नुसत्या आठवणीवर? मुकादम विचारील, कागद कुठाय?"

नकाशे उघडणारं सॉफ्टवेअर फक्त बाबांच्या जुन्या मशीनवर, आणि ते मेलं अजून त्यांच्याच नावानं सुरू व्हायचं, सर्व्हरलाही तेच नाव सांगायचं. ऑफिसचे साहेब विमानात, फोन बंद. तिनं चरफडत सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या आणि घोळ तिच्या लक्षात आला.

अनोळखी कुणी आला की सर्व्हर त्याला मुकाट्यानं गेस्ट म्हणून आत घेत होता. पण बाबा अनोळखी कुठे होते? त्यांचं नाव यादीत होतं, फक्त बंद केलेलं. म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवत होता. ते नाव निवृत्तीच्याच दिवशी पुसून टाकायचं होतं. तिचा हात धजावला नव्हता. नुसतं बंद करून ठेवलं होतं शहाणीनं.

"मग चालू कर की," बाबा म्हणाले.

"त्याला साहेबांचा पासवर्ड लागतो. मला फक्त पुसता येतं." तिनं माउसवरचा हात काढून घेतला. "एकतीस वर्षं होतं ते, बाबा. माझ्याच्यानं नाही होत."

"अगं बाई, दहा मिनिटं राहिली! पूस म्हणतो ना!"

तिनं पुसलं. बाबा आता सर्व्हरला अनोळखी झाले, आणि फोल्डर उघडलं. बाबा चष्मा सावरत स्क्रीनला जवळजवळ चिकटलेच. बारा! त्यांनी तिथूनच मुकादमाला फोन लावला.

"थांबव! किती बांधल्यात?"

"आठ. कागदावर तेवढ्याच आहेत." मग पलीकडे आरडाओरडा झाला, मशीनची घरघर थांबली. मुकादम धापा टाकत परत फोनवर आला. "वाचवलंत, साहेब! बरं झालं बुवा, तुम्ही अजून ऑफिसात आहात ते."

बाबांनी लेकीकडे पाहिलं. ती ओढणीनं डोळे पुसत होती.

"नाही रे," ते म्हणाले. "आत्ताच गेलो."